कुणाची पट्टी खरी?

भांडण झालं ते अर्ध्या सुरावरून.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे डॉक्टरच्या गच्चीवर जमलो होतो. एरंडवण्यातली जुनी तीनमजली इमारत, पाण्याच्या दोन टाक्या, कोपऱ्यात कुणाचा तरी मोडका कूलर. चार गिटारी, आणि चौघांचं मिळून वय अडीचशेच्या घरात. बसवायचं होतं ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. आमच्या वयाच्या गिटारवाल्यानं हे गाणं येत नाही म्हणणं म्हणजे जन्म पुण्यात काढून पर्वती चढलो नाही म्हणण्यासारखं आहे. तशी माणसं असतात, पण ती बोलून दाखवत नाहीत.

मी सातव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या सातव्या घरावर, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) चढवला आणि ई मायनरचे आकार धरले. कॅम्पातला मित्र कॅपोबिपोच्या भानगडीत पडत नाही, त्यानं सरळ बी मायनर दाबला. सीएनं कॅपो लावला तिसऱ्या फ्रेटवर आणि बोटं ठेवली ए मायनरवर. डॉक्टर गाणार होता. एक, दोन, तीन, चार म्हणून आम्ही सुरू झालो, आणि विसर्जनाच्या रात्री अलका चौकात दोन मंडळांची पथकं समोरासमोर यावीत तसं काहीतरी वाजलं.

ज्यांना गिटारीचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी: ई मायनर हा कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेल्या सुरांचं जुडगं, सात घरं वर नेला की बी मायनर होतो. म्हणजे मी आणि कॅम्पातला एकाच पट्टीत होतो. ए मायनर तीन घरं वर नेला की होतो सी मायनर, म्हणजे सीए आमच्यापेक्षा अर्धा सूर वर. पेटीवाले सांगतील, शेजारच्या दोन स्वरपट्ट्या एकदम दाबल्या की काय होतं ते.

“चुकतोयस,” मी म्हणालो.

“मूळ गाणं याच पट्टीत आहे,” सीए शांतपणे म्हणाला. “कॅसेटवरून बसवलंय मी, शंभर वेळा मागेपुढे करून.”

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांमधल्या चुका काढण्यात घालवलेल्या माणसाला त्याची चूक कशी दाखवायची? माझी लेक मला सोडायला आली होती. तिनं फोनवर मूळ रेकॉर्ड लावलं, सूर ओळखणारं ते अ‍ॅप समोर धरलं. “बी मायनर आहे, काका.”

“हल्लीचं आहे ना ते? हल्ली सगळं बदलून देतात, बाळ.”

आणि एवढा वेळ गप्प बसलेला डॉक्टर म्हणाला, “आमच्या हॉस्टेलवर तर हे तुमच्या दोघांपेक्षाही खाली होतं.”

त्या संध्याकाळी गाणं झालंच नाही. वडापाव झाले.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं सरकायला हवी. शेकडा सहा इतकी जास्त जोरात सरकली, तर अख्खं गाणं बरोबर अर्धा सूर चढतं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण सगळंच एकदम चढतं: गाणारा, गिटारी, ड्रम. शेजारी दुसरा टेप वाजत असेल तरच कळणार, आणि शेजारी दुसरा टेप कुणाकडे होता? सीएच्या घरचा टेपरेकॉर्डर एकदा बिघडून दुरुस्तीला गेला होता. त्या मोटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, त्यात वेग कमीजास्त करायचा स्क्रू. दुरुस्तीवाल्यानं तो अंदाजानं पिळला असणार. साडेसहा मिनिटांचं गाणं त्यांच्या घरी सहा मिनिटं आठ सेकंदांत संपत होतं. बावीस सेकंदांची ही तफावत एका सीएला चार दशकं सापडली नाही, यावरून डॉक्टरनं त्याला पुढचे दोन रविवार छळलं.

डॉक्टरचं स्वतःचं काय? हॉस्टेलच्या खोलीत प्लग एकच, त्यावर रूममेटची इस्त्री. टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की मोटर मंदावते आणि गाणारा सर्दी झाल्यासारखा खाली खाली जातो. पुढे कान-नाक-घसा घेतलेल्या माणसानं विद्यार्थिदशेत सगळं रॉक सर्दी झालेलं ऐकलं, हे मला फार आवडलं.

तरुणपणी आम्ही चौघं एकमेकांना ओळखतही नव्हतो. चार-पाच वर्षांपूर्वी एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गिटारीची मान सरळ करून घ्यायला मी बसलो होतो, तिथे डॉक्टर तारा बदलायला आला. बाकीचे दोघे असेच जमत गेले. त्यामुळे आमची ‘आपल्या वेळची गाणी’ ही चार वेगळ्या पुण्यांतली आहेत. मी सदाशिव पेठेतला. सीए मंगळवार पेठेतला, जुन्या बाजाराच्या हाकेच्या अंतरावर वाढलेला. डॉक्टर मूळ साताऱ्याकडचा, शिकायला पुण्यात आलेला. आणि कॅम्पातला कॅम्पातला. गावात राहणारे आम्ही ‘कॅम्पात जाऊन येतो’ असं म्हणायचो, परगावी निघाल्यासारखं. तिकडची मुलं नाताळच्या डान्सला बँडमध्ये वाजवायची, कॉर्ड्सची छापील पुस्तकं वापरायची. आम्हाला इंग्रजी गाण्यांतले शब्दसुद्धा धड कळायचे नाहीत. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या सुरुवातीला एक ‘कोलितास’ नावाचा शब्द येतो. तो शोधायला मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत जाऊन भलीमोठी डिक्शनरी उघडली होती. नाही सापडला. शब्द स्पॅनिश आहे, हे मला कोण सांगणार होतं?

तर आमच्या गप्पा म्हणजे बहुतेक वेळा ‘तुझ्या कॅसेटवर काय होतं आणि माझ्या कॅसेटवर काय होतं’ एवढंच असतं.

माझ्या कॅसेटची गोष्ट सांगतो. डेक्कनला एक दुकान होतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन दिवसांत ‘भरून’ मिळायची. दुकानदाराकडे रेकॉर्ड्स होत्या. कुठून येत ते कुणी विचारत नसे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, अडकते, म्हणून शहाणी मुलं साठचीच घेत. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदार बेरीज करण्याच्या फंदात पडत नसे. गाणी एकामागून एक भरत जायचं, फीत संपेल तिथे संपेल.

अ बाजूच्या शेवटी मला लेड झेपेलिन या बँडचं ‘स्टेअरवे टू हेवन’ मिळालं होतं. १९७१ सालचं, आठ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला एकटी गिटार, तिच्या साथीला रेकॉर्डर नावाच्या लाकडी बासऱ्या, जॉन पॉल जोन्सनं वाजवलेल्या. वर संथ गाणं. ड्रम येतात ते सव्वाचार मिनिटांनंतर. माझी फीत संपायची चौथ्या मिनिटाला. गाणारा एका ओळीच्या मध्यात, आणि खट्.

दोन वर्षं मी समजत होतो, की लेड झेपेलिन ही इंग्लंडातल्या कुठल्याशा हिरव्या खेड्यात राहणारी सात्त्विक मंडळी आहेत. संध्याकाळी शेकोटीभोवती बसून बासऱ्या वाजवतात. मला ते गाणं म्हणजे लोकसंगीत वाटायचं. ते मी तसंच बसवलं. खट् झाल्यावर आपल्या मनानं एक ए मायनर लावून संपवायचं. मग कॉलेजच्या गॅदरिंगला एका पोरानं कुणाचं तरी डबल-कॅसेटवालं धूड आणून ते गाणं लावलं. चौथं मिनिट आलं, मी मनातल्या मनात ए मायनर लावला, आणि गाणं थांबेचना. मग ड्रम आले. मग जिमी पेजचा तो सोलो. मग रॉबर्ट प्लांट किंचाळायला लागला. पहिल्यांदा वाटलं, पुढचं गाणं सुरू झालं. कळलं तेव्हा आनंद-बिनंद काही झाला नाही. फसवल्यासारखं वाटलं. ओळखीचे शांत काका घरी गेल्यावर बायकोवर ओरडताना दिसावेत, तसं.

आजही ते वाजवताना माझा हात चौथ्या मिनिटाला थांबतो. कॅम्पातल्याचा त्यावर जीव जळतो. त्यानं ते चुलतभावाच्या एलपीवर पहिल्या दिवसापासून पूर्ण ऐकलेलं. “अरे, तू पंगतीला बसतोस, चटणी-कोशिंबीर खातोस आणि उठतोस,” तो म्हणतो. त्याच्यासाठी ती चार मिनिटं म्हणजे पुढच्या चार मिनिटांची तयारी. माझ्यासाठी पुढची चार मिनिटं म्हणजे कुणीतरी मागून चिकटवलेलं शेपूट. हे रॉक आहे की फोक, यावर आम्ही किती तास घालवले असतील. दोघंही आपापल्या कॅसेटशी प्रामाणिक आहोत.

अशीच जोडी डॉक्टर आणि सीएची, ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वरून. डॉक्टरकडे १९६४ चं, सायमन आणि गार्फंकलचे दोन आवाज नि साधी गिटार एवढंच असलेलं. ते तेव्हा कुणी विचारलं नाही, रेकॉर्ड पडून राहिली. मग टॉम विल्सन या निर्मात्यानं १९६५ मध्ये त्याच आवाजांवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले. त्या दोघांना न विचारता! आणि १९६६ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. सीएकडे हे दुसरं होतं. प्रत्येकाला आपलं तेच मूळ वाटतं. डॉक्टरच्या मते सीएचं म्हणजे वरणभातावर टाकलेला सॉस. इथे मी डॉक्टरच्या बाजूचा आहे, पण ते त्याला सांगत नाही.

माझी पहिली गिटार हॉस्टेल सोडून गावी चाललेल्या एका मुलाकडून अडीचशे रुपयांना घेतली. तारा इतक्या उंच, की बाराव्या फ्रेटपाशी खालून पेन्सिल गेली असती. पहिल्या महिन्यात डाव्या हाताची चार बोटं सोलून निघाली. मग घट्टे पडले. मग एफ कॉर्ड आला, जिथे एका तर्जनीनं सहाही तारा दाबायच्या असतात. निम्मे गिटारवाले इथेच गिटार माळ्यावर टाकतात.

वडील पेटीवाले. कचेरी सांभाळून क्लास घेत, भजनी मंडळाला साथ करत. घरात गिटार आल्यावर ते काही बोलले नाहीत. सुरात कशी लावायची ते मला येत नव्हतं, आणि ते कानांवर पडत होतं, त्यामुळे चौथ्या दिवशी न राहवून आले. चोपड्यात इंग्रजी अक्षरं लिहिली होती ती वाचून त्यांनी पेटीवर एकेक स्वर दिला. पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा पांढरी तीन. “फोन नंबरासारखं पाठ कर,” म्हणाले. ३६२५७३. अजून तसंच लावतो. लेकीचं अ‍ॅप हिरवा दिवा दाखवतं, तरी मनात आधी नंबर फिरतो.

पहिली, सगळ्यात बारीक तार महिन्याभरात तुटली. सुटी तार कॅम्पाशिवाय मिळेना. वडील म्हणाले, सतारीची आण. आणली. पण गिटारीच्या तारेच्या टोकाला पितळेची बारीक गोळी असते, ती ब्रिजच्या भोकात अडकते. सतारीच्या तारेला गोळी नाही. मग आईच्या डब्यातलं शर्टाचं बटण घेतलं, चार भोकांपैकी दोनांतून तार ओवली, पीळ दिला, पकडीनं आवळली. भोकात बटण मावेना, म्हणून ते कानशीनं घासून लहान केलं. ही सगळी कामगिरी वडिलांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर केली, चष्मा कपाळावर ढकलून. ती तार दिवाळीपर्यंत टिकली. आवाज जरासा चिरका, पण सुरात.

त्याच सुमाराला मी ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात वाजवायला लागलो. जगातला प्रत्येक नवशिक्या ती वाजवतो. सकाळ-संध्याकाळ तेवढंच, कारण पुढचं येत नव्हतं. एका दुपारी आतल्या खोलीतून पेटीचा भाता उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तीच सुरावट. पांढरी पाचला षड्ज धरून. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. मग पुन्हा सा, कोमल ग, म, आणि उतरत ग, सा. एकदाही न अडखळता.

मी दारात जाऊन उभा राहिलो.

“दोन्ही मध्यम घेतोय तुझा माणूस,” वडील म्हणाले. “एकापाठोपाठ.”

“म्हणजे ललित?” मला तेवढंच माहीत होतं.

“ललितात गंधार शुद्ध असतो, आणि रे कोमल. हा ललित नाही, काहीच नाही. वात्रटपणा आहे.” मग पुन्हा एकदा वाजवून बघितलं. “पण त्या तीव्रावर थांबत नाही, लगेच खाली येतो. कळतंय त्याला.”

हे गाणं करणाऱ्या डीप पर्पल या बँडच्या गिटारवाल्याला, रिची ब्लॅकमोरला, ही पावती पोचवायची राहून गेली. रॉकवाले ज्या पाच सुरांच्या चौकटीत सोलो वाजवतात, ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे सरळसरळ धानी राग आहे, हेही वडिलांनीच दाखवलं. तो तीव्र मध्यम म्हणजे ब्लूजवाल्यांची ‘ब्लू नोट’, हे मला फार पुढे कळलं. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडात माँत्रोच्या कॅसिनोला फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात आग लागली, डीप पर्पलची मंडळी तिथे रेकॉर्डिंगला आली होती, त्यांना सरोवरावर पसरलेला धूर दिसला आणि त्यावरून गाणं झालं, हेही असंच उशिरा कळलं. आमच्या घरात ते धुराचं गाणं नव्हतंच. ‘ते दोन मध्यमांचं’ होतं.

शेजारच्या काकांनी एकदा जिन्यात वडिलांना हटकलं, “तुमच्याकडे हे परदेशी खूळ कधी शिरलं?” वडील म्हणाले, “पेटी कुठली समजता? तीही साहेबाकडूनच आली. रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती पेटीला. एकतीस वर्षं. मी रेडिओवर वाजवायच्या वयात वाजवू शकलो नाही.” काका वर निघून गेले. बंदीची गोष्ट मी तोवर ऐकली नव्हती, आणि ते ती पुन्हा कधी बोललेही नाहीत.

कॅम्पातल्याच्या घरी गोष्ट निराळी. घर ख्रिस्ती, बोली अस्सल मराठी. लहानपणी रविवारी ना. वा. टिळकांची भजनं, आई वरच्या सुरात आणि मावशी खालच्या. दोन आवाज एकमेकांना न धडकता कसे चालतात, ते त्याला गिटार हातात येण्याआधीच ठाऊक होतं. आम्हाला ते साठीतही जमत नाही, चौघं मिळून एकच चाल ओरडतो. बोटांनी तारा छेडायची पद्धत मात्र तो कोरेगाव पार्कात शिकला. रजनीश १९७४ मध्ये पुण्यात आले, आणि भगव्या कफन्यांतल्या गोऱ्यांपाठोपाठ गिटारी, कॅसेटी आणि परदेशी तारांची पाकिटंही आली. त्यातल्या एका जर्मन माणसाला यानं महिन्याच्या भाड्यावर सायकल मिळवून दिली. बदल्यात त्यानं दाखवलं: अंगठा घड्याळाच्या लंबकासारखा खालच्या दोन तारांवर चालू ठेवायचा, काय वाटेल ते झालं तरी थांबवायचा नाही, आणि बाकीच्या बोटांनी मधल्या जागा भरायच्या. १९६८ मध्ये ऋषीकेशच्या आश्रमात डोनोवन या गायकानं जॉन लेननला हेच शिकवलं होतं, आणि त्यातून बीटल्सची दोन-तीन अप्रतिम गाणी निघाली. आमच्या कॅम्पातल्यातून अजून काही निघालेलं नाही, पण अंगठा थांबत नाही हे खरं.

फोकची गोष्ट डॉक्टरनं काढली तेव्हा सगळ्यात जास्त आवाज चढले. डॉक्टरच्या लेखी फोक म्हणजे बॉब डिलन, तोही २५ जुलै १९६५ च्या आधीचा. त्या दिवशी अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत मेळ्यात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांतून निषेधाचे आवाज उठले. पुढच्या वर्षी मँचेस्टरला तर कुणीतरी प्रेक्षकांतून ‘जूडास’ (येशूला दगा देणारा शिष्य) म्हणून ओरडलं. डॉक्टर तेव्हा साताऱ्याकडे दुपट्यात होता. तरी हे तो असं सांगतो, जणू ओरडणारा त्याच्या शेजारच्याच खुर्चीत होता.

“लोकांचं गाणं, लोकांच्या भाषेत, साध्या वाद्यावर. ते फोक,” डॉक्टर म्हणाला.

सीए गिटार पुसत होता. “मग माझा चुलता काय करायचा?”

चुलता कलापथकात होता, हे आम्हाला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. मागे उभा राहून तुणतुणं वाजवायचा आणि ‘जी जी’ ओढायचा. तुणतुण्याला एकच तार. तळाशी कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं, बाजूला काठी, वर खुंटी. शाहिराची पट्टी बदलली की खुंटी पिळायची, बस. ना कॅपो, ना कॉर्ड. पण पोवाडा चढायला लागला की ती एक तार लय आणि षड्ज दोन्ही धरून ठेवते. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड चुलता घरी म्हणायचा. मुंबईला पोटासाठी गेलेला माणूस बायकोच्या आठवणीनं सुरू करतो आणि ऐकता ऐकता आपण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात येऊन पोचतो. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीनं गिटारीवर ‘हे यंत्र फॅसिस्टांना मारतं’ असं लिहून ठेवलं होतं, ते डॉक्टरला पाठ. गथ्री १९६७ मध्ये गेला, अण्णा भाऊ १९६९ मध्ये. एकाच काळातली माणसं. एक आम्हाला कॅसेटवर भेटला, आणि दुसरा घराच्या भिंतीवर टांगलेला होता.

“मी ते तुणतुणं लपवायचो,” सीए म्हणाला. “कॉलेजचे मित्र घरी आले की कॉटखाली. गिटार बाहेर.”

कुणी काही बोललं नाही. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला आमच्या गल्लीत पहाटे येणारा वासुदेव आठवला. त्याचा आवाज आला की मी उशी कानांवर घ्यायचो, कारण रात्री उशिरापर्यंत खरखरत्या फितीवर सायमनचं ‘स्कारबरो फेअर’ ऐकलेलं असायचं. तेही इंग्लंडातलं कुठलंसं जुनं लोकगीतच. सायमन ते लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून शिकला, मी डेक्कनच्या दुकानदाराकडून. चाल काफी थाटाची आहे, हे अर्थात वडिलांकडून. ते तुणतुणं आता कुठे आहे, ते मी विचारणार होतो. विचारलं नाही.

मात्र पट्टीचं भांडण मिटलं नव्हतं. सीएनं मनावर घेतलं होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो ती मूळ कॅसेट घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात. लेबलवर निळ्या शाईनं दुकानदाराचं अक्षर, ‘कॅलिफोर्निया’मधला रफार उडालेला. फीत ढिली पडली होती, ती त्यानं सहाकोनी पेन्सिल घालून हळूहळू ताणून घेतली. डॉक्टरनं जुना डेक खास यासाठी दुरुस्त करून आणला होता, वेग नीट तपासून. आम्ही चौघं त्या डबड्याभोवती वाकलो. बटण दाबलं. खरखर, मग ती बारा तारांची गिटार.

मी हळूच तार छेडून बघितली. बी मायनर.

सीएनं पूर्ण ऐकलं. शेवटच्या दोन गिटारींची जुगलबंदी विरेपर्यंत, हाताची घडी घालून. कॅसेट बरोबर होती, सुरुवातीपासून बरोबर होती. त्याचा टेप चुकीचा होता.

“बसकं वाटतंय,” तो म्हणाला.

“हेच खरं आहे,” कॅम्पातला म्हणाला.

“असेल. पण बसकं वाटतंय.”

त्याचं म्हणणं मला कळत होतं. मला स्वतःला तर तो चौथ्या मिनिटाचा खट् अजून हवासा वाटतो. मी कॅपो सातव्या फ्रेटवरून काढून आठव्यावर लावला. कॅम्पातल्यानं माझ्याकडे बघितलं, एक शिवी घातली, डॉक्टरच्या बॉक्समधला जादाचा कॅपो घेतला आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या गिटारीवर चढवला.

“अरे, मला नाही झेपायचं एवढ्या वर,” डॉक्टर म्हणाला. “आधीच उंच आहे ते गाणं.”

“एकदाच,” सीए म्हणाला आणि मोजायला लागला.

पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात डॉक्टरचा आवाज फाटला, तो खोकत टाकीच्या कठड्यावर जाऊन बसला आणि तिथूनच हातानं ‘चालू ठेवा’ म्हणाला. सीएचे डोळे मिटलेले होते. त्याच्या पट्टीत प्रत्येक फेरीला एफ येतो, आणि तो तर्जनी आडवी टाकून सहाही तारा स्वच्छ दाबत होता. सहा मिनिटं आठ सेकंदांत काही ते संपलं नाही. नऊ लागली, कारण मधे एकदा माझा कॅपो सटकला.